निचऱ्याचे थेंब

इचलकरंजीत माणसं भांडत नसतात, बोलत असतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हे पटायला दोन दिवस लागतात. चार पिढ्या यंत्रमागांच्या खडखडाटात बोलून बोलून गावाचा गळाच तसा झालाय. आणि जिथं गळा पुरत नाही तिथं हात. दोन बोटं फाकवली की धागा तुटला, अंगठा तोंडाकडं नेला की चहा, मिशीवरून बोट फिरवलं की मालक आले, गप्प बसा. आता सगळीकडं हवेच्या झोतावर चालणारे माग आलेत, आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा धोटा कसा असतो ते पोरांना चित्रात दाखवावं लागतं. तरी हातांची ही बोली काही गेली नाही.

कल्लाप्पा हावळ म्हणजे या बोलीतले शास्त्रीबुवा. वय अडुसष्ट. अख्खी हयात जॉबर म्हणून गेली. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून देणारा कारागीर. गावातल्या सहकारी संस्थेनं धोट्याचे आठ जुने माग हौसेनं जपून ठेवले होते, त्यांवर सुती पंचे निघत. या आठ म्हाताऱ्यांची नाडी कळणारा दुसरा माणूस उरला नव्हता, म्हणून कल्लाप्पा रोज दुपारी कारखान्यात जात. कान मात्र त्यांचे पंचेचाळिशीतच गेलेले. समोरच्याचे ओठ वाचून भागवायचं, नाहीतर हात होतेच.

त्यांची नात शर्वी. सात वर्षांची, दुसरीत. बाप महेश तिरुपूरला नोकरीला, आई मयूरी घरीच शिवणकाम करायची. शाळा सुटली की पोरगी थेट आज्ज्याकडं कारखान्यात. दोघांची जोडी अशी, की तासभर हातांनी गप्पा मारतील आणि शेवटी दोघंही पोट धरून हसतील. का हसले ते तिसऱ्याला कळायचं नाही.

आता बघा, आज्जा बहिरा, आई शिलाई मशीनच्या वर आवाज चढवून बोलणारी, बाप फोनच्या पडद्यावर. पोरीला आज्ज्याची खूण कळायची आणि आईची हाक पोचायची. मग तिला कमी ऐकू येतंय हे कळणार कसं? दुसऱ्या कुठल्याही गावात ही गोष्ट दोन महिन्यांत ध्यानात आली असती. हावळांच्या घरात दीड वर्ष गेलं.

शाळेला तर वेगळंच वाटलं. शाळेत हल्ली प्रत्येक पोराला बोलणारी पाटी असते. पाटी हळू आवाजात प्रश्न विचारते, उत्तराला किती वेळ लागला ते मोजते, चुका मोजते आणि महिन्याअखेरीला अहवाल धाडते. शर्वीचा अहवाल आला: 'आकलन मंद. दिवाळीनंतर विशेष वर्गात हलवावे.' विशेष वर्ग गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथं गेलेलं पोर सहसा परत येत नसे.

मयूरीनं तो अहवाल तीनदा वाचला आणि मशीनवर डोकं टेकून रडली.

नशीब म्हणायचं, वर्गशिक्षिका चौगुले बाई जुन्या वळणाच्या होत्या. पाटी काहीही म्हणो, त्या पोरांकडं डोळ्यांनी बघत. एक दिवस त्यांनी शर्वीच्या मागं उभं राहून तिला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. पोरगी आपली रंगपेटीत गुंग. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तशी गोड हसली. त्याच संध्याकाळी बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मयूरी, आधी हिचे कान दाखव. डोक्याचं नंतर बघू."

कानाच्या डॉक्टर शहनाज मुजावर तशा तरुण होत्या, पण बोलणं समजावणीचं. कल्लाप्पांना ऐकू येत नाही हे कळताच त्यांनी खुर्ची फिरवून घेतली आणि त्यांच्याकडं तोंड करून सावकाश बोलू लागल्या.

"काका, कानाच्या पडद्यामागं एक खोली असते, वाटाण्याएवढी. तिथून एक बारीक नळी नाकामागं उघडते. तिच्यातून हवा आतबाहेर करते, म्हणून पडदा मोकळा हलतो आणि आवाज आत जातो. लहान मुलांत ही नळी आडवी आणि अरुंद असते. सर्दीनं ती सुजली की हवा बंद. मग खोलीत पाणी झिरपतं आणि साचून साचून चिकट होतं. पडदा त्या चिकट्याला टेकून बसतो, हलतच नाही. शर्वीला सगळे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे येतात."

"दुखत कसं न्हाई मग?" कल्लाप्पांनी विचारलं. दवाखान्यातली दोन बाळं दचकून रडायला लागली.

"हेच तर. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कळत नाही. बहुतेक मुलांत तीन महिन्यांत हे आपोआप ओसरतं, म्हणून आम्ही आधी नुसती वाट बघतो. आजवर यावर औषध असं नव्हतंच. अँटिबायोटिक देऊन बघितलं, सर्दीच्या गोळ्या देऊन बघितल्या, काही उपयोग होत नाही हे सिद्ध झालंय. मग भूल द्यायची, पडद्याला छेद घ्यायचा आणि इवलीशी नळी बसवायची. आता एक नवं औषध आलंय. थेंब आहेत. अजून चाचणी चालू आहे."

थेंबांचं खरं नाव लांबलचक होतं. गावानं त्याला 'निचऱ्याचे थेंब' म्हणून टाकलं. गंमत अशी, की कानाचा पडदा पाण्याला आरपार जाऊ देत नाही, औषधालाही नाही. पण प्रथिनांचे काही बारीक तुकडे असे सापडले, की पडद्याच्या पेशी ते स्वतःहून उचलून पलीकडच्या अंगाला नेऊन ठेवतात. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यांच्या पाठीवर औषध लादलं. औषध आत पोचलं की चिकट्याचे धागे तोडून त्याला पातळ करायचं, आणि नळीच्या आतली सूक्ष्म केसांची लव जागी करून ते पाणी घशाकडं लोटायचं. ना सुई, ना भूल.

कल्लाप्पा टक लावून डॉक्टरांचे ओठ वाचत होते. एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे खळ उतरवत्यात तसंच की!"

डॉक्टरांना कळेना. मग कल्लाप्पांनीच समजावलं. माग चालताना धागा तुटू नये म्हणून त्याला आधी खळ पाजतात. कापड तयार झालं की ती खळ उतरवावी लागते, त्यासाठी पाण्यात एन्झाइम घालतात. ते खळ खाऊन टाकतं आणि कापडाला हात लावत नाही.

"अगदी तसंच काका!" डॉक्टर हसल्या. "उद्यापासून मीही सगळ्यांना हेच सांगणार."

तीन महिने वाट बघून झाली. ओसरलं नाही. मग मयूरीनं सही केली. आठवड्यातून एकदा असे चार वेळा थेंब, ते डॉक्टरांनी स्वतः घालायचे. घरी एक 'कळी' दिली, कानात बसणारी. रोज सकाळी ती कानात हवेची हलकी फुंकर घालायची आणि पडदा किती हलला याची रेघ काढून डॉक्टरांकडं धाडायची. पडदा हलला तर रेघेला डोंगर येतो, नाहीतर सपाट. सोबत एक सूचनांचा कागद: कानात पाणी जाऊ देऊ नये, काडी घालू नये, इतर कोणतेही औषध घालू नये.

पहिला आठवडा सपाट. दुसरा सपाट. रोज सकाळी मयूरी हातातलं काम टाकून फोनकडं बघत बसे आणि कल्लाप्पा मयूरीच्या तोंडाकडं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या, "बाकीच्या बहुतेक मुलांना दुसऱ्या आठवड्यातच डोंगर दिसलाय. शेवटचा डोस बघू. नाहीच लागू पडलं तर ऑपरेशन. पण दिवाळीआधी तारीख मिळणं अवघड आहे."

मयूरी परतीच्या वाटेवर मनातल्या मनात दिवाळीपर्यंतचे दिवस मोजत चालली. पोरगी मात्र दोघांची बोटं धरून मजेत उड्या मारत चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात चार नंबरच्या मागावरून उतरलेल्या पंच्यावर वंगणाचा डाग दिसला. पोर यायला अवकाश होता. कल्लाप्पा पंचा घेऊन नळाशी गेले. कोऱ्या कापडानं पाणी पटकन पिऊन टाकलं, पण डागावर पडलेलं पाणी मोत्यासारखं घरंगळून खाली गेलं. परत ओतलं. परत घरंगळलं. यात नवल काहीच नव्हतं. तेलकट कापडाला ना पाणी लागत, ना रंग, ना ते एन्झाइम. हे जॉबरला काय सांगायचं?

आणि मग त्यांचा हात तिथंच थांबला.

गोष्ट अशी होती. शर्वी कारखान्यात आली, की कल्लाप्पा तिच्या कानांत कापसाचे बोळे घालत. नुसता कोरडा कापूस आवाज अडवत नाही, म्हणून जुने कामगार तो खोबरेलात भिजवून घालायचे. कल्लाप्पांनी तरुणपणी घातला नाही. 'बायकी चाळे' म्हणून हसण्यावारी नेलं आणि कान घालवून बसले. नातीच्या बाबतीत ती चूक करायची नाही असा त्यांचा पण होता. घरी निघताना बोळे काढून टाकायचे, जसे हात धुवायचे तसे. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि कागदावर लिहिलं होतं 'इतर कोणतेही औषध'. तेल काय औषध आहे? तेल ते तेल!

"अरे देवा," कल्लाप्पांनी नळ बंद केला. "मीच की रं आडवा आलो."

तासभर त्यांचं मन दोन्ही अंगांनी ओढत राहिलं. गप्प बसावं का? आजपासून बोळे बंद करावेत, चौथा डोस लागू पडेल, कुणाला कळणारही नाही. सांगितलं तर नियम मोडला म्हणून पोरीचं नाव चाचणीतून काढतील. सून तोंड बघणार नाही. पण कापडावरचा तेलाचा डाग आपोआप जात नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. डाग काढायचा तर आधी दाखवावा लागतो. शर्वी आली तेव्हा त्यांनी तिला कारखान्याच्या दारातच उचललं, घरी जाऊन मयूरीला म्हणाले, "मशीन बंद कर. दवाखान्यात जायचं हाय, आत्ता."

डॉक्टरांसमोर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत कालचे दोन बोळे.

"चूक माझी हाय बाई. खोबरेलातलं बोळं हायत. रोज दुपारी मी घालतो तिच्या कानात."

"मामा!" मयूरी ताडकन उभी राहिली. "अहो, कागद वाचून दाखवला होता ना तुम्हाला? दुसरं औषध घालायचं नाही म्हणून!"

"औषध न्हाई ग पोरी. तेल हाय ते."

मयूरीनं कपाळावर हात मारून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कल्लाप्पांना तिचे ओठ दिसेनात. ती काही बोलतेय की रडतेय हेही कळेना. ते डॉक्टरांकडं वळले.

"सांगितलेलं ऐकलं न्हाई, म्हणून माझं कान गेलं बघा. हिचं तरी ऱ्हावंत म्हणून करत हुतो. आता नियम असंल तर नाव काढा तिचं. पर कागदावर 'औषध लागलं न्हाई' असं लिहू नका. लागायला आधी आत पोचायला पायजे की! माझ्या तेलापायी औषधाला नाव ठेवलं, आन् उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकराला ते मिळालंच न्हाई, तर ते पाप मला पुरायचं न्हाई."

शर्वीला मांडीवर घेऊन डॉक्टरांनी कानात दिवा धरला, कापसाच्या काडीनं अलगद पुसून घेतलं आणि काडी कागदावर टेकवली. कागदावर पारदर्शक डाग उमटला.

"तीन वेळा बघितलं मी," त्या कल्लाप्पांकडं तोंड करून म्हणाल्या. "चमक दिसली होती. मला वाटलं औषधाचीच आहे. काका, चूक एकट्या तुमची नाही. विचारायला हवं होतं मी. मीही याच मातीतली, माझ्या नानीनं माझ्या कानात वाटीभर तेल ओतलं असेल."

त्या दिवशी डॉक्टर फोनला बसल्या. राज्यभर या चाचणीत तीनशे बारा मुलं होती. त्यातल्या एकोणतीस जणांपुढं 'लागू पडले नाही' असा शेरा होता, आणि त्याचं कारण सापडेपर्यंत औषध अडकून पडायची चिन्हं होती. घरोघरी एकच प्रश्न: कानात तेल घालता का? बावीस घरांतून 'हो' आलं, तेही अभिमानानं. एक आजीबाई तर म्हणाल्या, "तुमच्या औषधानं कान कोरडा पडतोय ना, म्हणून मी वरनं चार थेंब खोबरेल सोडते."

चाचणीच्या समितीनं ठरवलं, की या मुलांचे कान साफ करून त्यांना नव्यानं डोस द्यायचे. फक्त परवानग्यांना तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मयूरी सासऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, चहा ठेवायची, पण हातानंसुद्धा एक खूण नाही. कल्लाप्पा मुकाट जेवून उठत. बहिऱ्या माणसाला अबोला कळत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं तो एकदा सोसून बघावा.

नव्या थेंबांचा दुसरा डोस झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी मयूरी स्वयंपाकघरातून धावत आली. फोन सासऱ्याच्या नाकासमोर धरला. रेघेवर लहानसा डोंगर होता, पोरांनी चित्रात काढावा तसा.

"मामा, हलला! पडदा हलला!" ती ओरडत होती, हात नाचवत होती आणि रडतही होती. कल्लाप्पांनी देवघराकडं हात जोडले, मग दवाखान्याच्या दिशेनं जोडले. मग काही सुचेना म्हणून सुनेलाच हात जोडले. "अहो, मला काय!" म्हणून तिनं त्यांचे हात खाली केले. अबोला असा सुटला.

शर्वीला मात्र जगाचा राग आला. कुकरची शिट्टी झाली की कान झाकायची. "आई, ओरडू नको ना," असं आईला सांगायची. मयूरीला तर ती वाक्यं साखरेसारखी लागत. पंखा कुरकुरतो, शेजारचे काका घोरतात, पाल चुकचुकते, अशा बातम्या ती आज्ज्याला रोज हातांनी द्यायची. कारखान्यात आता तिला दारापर्यंतच परवानगी होती. कल्लाप्पा बाहेर येऊन पायरीवर बसत, आणि ज्या गोष्टी त्यांनी तेवीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या त्या सात वर्षांच्या पोरीकडून समजून घेत.

एकदा तिनं खूण करून विचारलं, "तुझ्या कानात का नाही थेंब घालत?"

"माझ्या कानात पाणी न्हाई बाळ," त्यांनी सांगितलं. "आतल्या तारा झिजल्यात. त्याला औषध अजून निघालेलं न्हाई." आणि खरं सांगायचं तर त्या घडीला त्यांना स्वतःसाठी काही मागावंसंच वाटत नव्हतं.

राहिली होती शाळा. पाटीचा शेरा तसाच होता आणि दिवाळी आठवड्यावर आलेली. चौगुले बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "पाटीनं न ऐकणाऱ्या पोरीची परीक्षा घेतली. आता ऐकणाऱ्या पोरीची मी घेते." वीस प्रश्न, तोंडी, हळू आवाजात. पंधरा बरोबर आले तर शर्वी आपल्या वर्गात राहणार.

शनिवारी सकाळी रिकाम्या वर्गात शर्वीला खिडकीकडं तोंड करून बसवलं. बाई तिच्या मागं चार हात अंतरावर उभ्या, तोंडापुढं हजेरीपट धरून. बाजूच्या बाकावर मयूरी आणि कल्लाप्पा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद. कल्लाप्पांना तर खास, कारण त्यांचं कुजबुजणं तीन गल्ल्या ऐकू जातं.

परीक्षा सुरू झाली आणि कल्लाप्पांच्या ध्यानात आलं, की आपली पंचाईत झालीय. बाईंचे ओठ हजेरीपटामागं. शर्वीचे ओठ बाजूनं दिसत होते, वाचता येत होते. "सतरा," पोरगी म्हणाली. मग "कुंभार". मग जरा थांबून "परवा". मग "पंचगंगा". उत्तरं सगळी कळत होती, पण प्रश्न एकही नाही. सतरा बरोबर की चूक? कुंभार कशाचं उत्तर? मयूरीकडं बघावं तर ती ओढणीचं टोक दातांत धरून जमिनीकडं बघत बसलेली. एका उत्तराला शर्वीनं खूप वेळ लावला, मान हलवली, गप्प राहिली. पुढच्या उत्तराला ती हसली. का हसली? त्यांनी मोजायला सुरुवात केली होती, पण बारानंतर मोजणी चुकली. आपण अडवलेलं औषध, गेलेले आठवडे, या लेकराचा वर्ग, सगळं एकदम दाटून आलं. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर दाबून धरला. आपल्याला दुसऱ्यांचा आवाज येत नसला तरी आपला त्यांना येतो, एवढं भान त्यांना होतं.

हजेरीपट थोडा खाली आला. बाईंचे डोळे त्यांच्याकडं वळले. मग पट पुन्हा वर गेला.

आणि शर्वीनं एकदम मान वळवली. कुणी तिला हात लावला नव्हता, कुणी खूण केली नव्हती. तिनं सरळ आज्ज्याकडं बघितलं, बाकावरून उतरली, धावत आली आणि फ्रॉकच्या बाहीनं त्यांचे डोळे पुसू लागली.

कल्लाप्पा गोंधळले. परीक्षा मोडली की काय? पोरीला पोटाशी धरून त्यांनी सुनेकडं बघितलं. "काय झालं ग? काय म्हणाल्या बाई?"

मयूरीनं डोळे पुसले आणि त्यांना नीट दिसावं म्हणून तोंड त्यांच्यासमोर आणलं.

"एकोणिसातले अठरा बरोबर आले, मामा. विसावा प्रश्न बाईंनी विचारलाच नाही. त्याऐवजी इतकं हळू बोलल्या, की मलासुद्धा जेमतेम ऐकू आलं. म्हणाल्या, 'शर्वी, तुझे आजोबा रडायला लागलेत बघ.'"